लाल गाडीचे दोष, तुझ्या माहितीसाठी

अरेरा कॉलनी, भोपाळ
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

चि. उदय यास,

नलूताईचे आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तुम्ही तिकडे नागपुरात बरे असाल असे धरून चालते, कारण नसतात तर मंजूषाने मला कळवले असते. तू कळवले नसतेस. मंजूषाचा गुडघा कसा आहे? तिने जिने चढू नयेत, आणि तू तिला वरच्या मजल्यावरून हाका मारू नयेस. चि. आशयचे लग्न ठरल्याचे वाचून आनंद झाला. मुलगी दातांची डॉक्टर आहे हे उत्तम. तुमच्या घरातल्या पुरुषांना तोंड उघडायला लावणारे कोणीतरी हवेच होते. तुझ्या भावोजींची साखर ताब्यात आहे, म्हणजे डबा माझ्या ताब्यात आहे. (काल विसर्जनानंतरच्या मोदकांचा हिशेब मात्र लागलेला नाही.)

एवढे सगळे पत्रात का, असे तुला वाटेल. मोबाइलवर मी काहीही लिहिले तरी तू उत्तरादाखल अंगठा पाठवतोस. गेल्या वर्षी मी न्हाणीघरात पडून मनगट मोडून घेतले, तेव्हाही तुझा अंगठाच आला होता. पत्राला निदान शिकलेला माणूस अंगठा लावत नाही, म्हणून हा खटाटोप.

तर तुझा निरोप मिळाला. आशयला वरातीसाठी आपली लाल स्पोर्ट्स कार हवी आहे, दसरा झाला की तू ट्रक घेऊन येणार आहेस, आणि लग्नानंतर गाडी नागपूरलाच राहील, कारण तुमच्या नव्या इमारतीत आता तळघरात जागा मिळाली आहे. ठीक आहे. गाडी तुझी आहे, कागदावर नाव तुझे आहे. मस्कतहून नोकरी सोडून येताना सोन्याऐवजी ती तूच आणलीस, नागपुरातल्या घराच्या गल्लीत ती वळत नाही म्हणून "ताई, फक्त चार महिने" असे सांगून माझ्या पोर्चमध्ये तूच उभी केलीस, आणि पुढची तीस वर्षे तिच्याबद्दल स्वतःहून एक अक्षरही न काढता राहिलास तोही तूच. तेव्हा खुशाल घेऊन जा. मी हरकत घेणार नाही. मात्र मोठी बहीण या नात्याने गाडीत काय काय दोष आहेत ते आधी सांगणे माझे कर्तव्य आहे. मागाहून तू म्हणायला नको की ताईने सांगितले नाही.

पण आधी ती चालू कशी झाली ते सांगते, कारण तुझ्या समजुतीप्रमाणे ती भंगारात गेलेली होती. तीन वर्षांपूर्वी मी तुला विचारले होते की ताडपत्रीखाली मांजरीची कितवी पिढी वाढते आहे ते मला मोजता येईनासे झाले आहे, बॉनेटवर कुरडया वाळवण्यापलीकडे या वस्तूचा उपयोग नाही, काय करू? तू लगेच अधिकारपत्रावर सही करून पाठवलेस आणि "देऊन टाक" असे लिहिलेस. त्याप्रमाणे मी करोंदकडच्या एका कबाड्याला बोलावले. त्याने येऊन कलिंगड वाजवून बघावे तसे बॉनेट बोटाच्या पेरांनी वाजवले आणि भाव किलोवर सांगितला. तेही मी ऐकून घेतले. मग तो म्हणाला की गाद्यांचे वजन कापावे लागेल, काचांचे कापावे लागेल, आणि मांजरीचे तर कापावेच लागेल. एवढ्यात समोरच्या चतुर्वेदीबाई, त्यांची सून आणि इस्त्रीवाला असे तिघे फाटकाशी येऊन उभे राहिले. त्यांना बघून कबाड्याला चेव चढला. "मैडम, इससे तो अपना ठेला अच्छा। चलता तो है।" मी म्हटले, "ये भी चलती है।"

उदय, मी सदतीस वर्षे शासकीय कन्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले आहे. वर्गात कधी खोटे विधान केले नाही. आणि आता तिघा साक्षीदारांसमोर, एक चाक जमिनीत रुतलेल्या, तीन टायरांची भाकरी झालेल्या वस्तूबद्दल मी म्हणाले होते की ती चालते. कबाडी हसला आणि निघून गेला. चतुर्वेदीबाई हसल्या नाहीत, त्यांनी नुसते "अच्छा?" असे विचारले. ते मला जास्त लागले. तेव्हा विधान मागे घेण्यापेक्षा गाडी चालू करून ते खरे करणे सोपे जाईल असा मी हिशेब केला. आयुष्यात माझे जे थोडे हिशेब चुकले, त्यांतला हा सर्वांत महाग.

गाडी दुरुस्तीला जिथे गेली त्या गॅरेजचे मालक नफीस मियाँ. हे गृहस्थ पासष्टीचे आहेत, केस मेंदीने लाल आहेत आणि स्वतःबद्दलचे मत फार उच्च आहे. गाडी ओढून नेली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, कंपनीचे नाव उच्चारले आणि उस्तादांचे नाव घेताना गवई करतात तसा कानाच्या पाळीला हात लावला. (तेव्हापासून ते नाव घ्यायला मलाही संकोच वाटतो, म्हणून या पत्रातही लिहीत नाही. तुला ठाऊक आहेच.) खर्च विचारला तर म्हणाले, "आपा, पैसे की बात बाद में।" भोपाळमध्ये इतकी वर्षे काढून मला हे कळायला हवे होते की ज्या कामात पैशाची बात नंतर असते, त्यात ती पुढे रोजच असते. मुदत विचारली तर म्हणाले, "जुमे तक।" शुक्रवार कुठला, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही, ही चूक माझी. मी दर शुक्रवारी जाऊन उभी राहू लागले. सुरुवातीला ते मला चहा देत, मग खुर्ची देऊ लागले, आणि शेवटी कामच देऊ लागले. दिवे लागेनात तेव्हा मी त्यांना सांगितले की दोष दिव्यात नाही, तारेचा गाडीच्या सांगाड्याशी जोड तुटला आहे. त्यांनी पूर्ण आठवडा ते मानले नाही. मग जोड दुरुस्त केला, दिवे लागले, आणि तेव्हापासून ते गिऱ्हाइकांना सांगतात की आपांना वायरिंग त्यांनीच शिकवले.

खर्चाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तू तो विचारणार. एकूण आकडा लिहीत नाही. तुझ्या भावोजींना सांगितलेला आकडा आणि खरा आकडा यांच्या मधल्या जागेत एक चांगली स्कूटर मावते, एवढे पुरे. तत्त्व असे आहे की गाडीचा कोणताही भाग एकटा येत नाही. दार सरळ केले की रबर फाटके दिसते, रबर आणले की काच ओरखडलेली दिसते, काच बदलली की तिच्यातून आतल्या गाद्या स्पष्ट दिसतात. आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीचे पोपडे पडत आहेत आणि पोर्चमध्ये गाडीला रंगाचे चार हात दिलेले आहेत. येणारे-जाणारे बघून काय समजायचे ते समजतात. रंगाचेच घे. मूळ लाल कोणता हे कोणालाच सांगता येईना. रंगारी पुस्तक उघडून पन्नास लाल दाखवी आणि प्रत्येकाला "यही है" म्हणे. शेवटी मी घरून पिंजरीची डबी नेली, चिमूटभर त्याच्या तळहातावर ठेवली आणि सांगितले, हा. (गाडी आणलीस तेव्हा आई म्हणाली होती की ही पिंजर लावून आली आहे. तुला आठवणार नाही. तू तेव्हा टेपरेकॉर्डर दाखवण्यात गुंतला होतास.) भाग शारजाहून येत, नफीस मियाँच्या भाचीच्या सासरच्या माणसांबरोबर, खजुराच्या पाकिटांत दडपून. एका पंपाला अजून खजुराचा वास येतो. खजुरांचे पैसेही मीच दिले.

आता दोष.

पहिला दोष तुझाच आहे, की गाडीचे स्टिअरिंगचे चाक डाव्या बाजूला आहे. मस्कतमध्ये ते योग्य असेल. इथे त्याचा अर्थ असा की गाडी चालवते मी, आणि ज्या बाजूला चालवणारा असायचा त्या उजव्या बाजूला बसतात तुझे भावोजी. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेला माणूस. बसल्याबसल्या वर्तमानपत्र उघडून शब्दकोडे सोडवायची सवय. बिट्टन मार्केटला हाटाच्या दिवशी आम्ही भाजी घेऊन निघालो. लाल गाडी रस्त्याने चालली आहे आणि चालवायच्या जागी एक टक्कल पडलेले गृहस्थ पूर्ण वर्तमानपत्र पसरून वाचत आहेत, मांडीवर दुधी भोपळा आहे, असे दृश्य पाहून लोकांनी स्कूटरी थांबवल्या. चौकातल्या शिपायाने शिट्टी मारली आणि यांच्या खिडकीशी येऊन लायसन्स मागितले. हे म्हणाले, "मेरा तो कब का ख़त्म हो गया।" "फिर गाड़ी क्यों चला रहे हैं?" "मैं कहाँ चला रहा हूँ? मैं तो पहेली भर रहा हूँ। आप बताइए, चार अक्षर, राजा का सेवक।" शिपायाने आत डोकावून चाक शोधले. ते नव्हते. तो बिचारा गाडीपासून दोन पावले मागे सरला. मग मी डावीकडून म्हटले, "इधर आइए।" त्याने वळसा घातला, माझा चष्मा पाहिला, पांढरे केस पाहिले, पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहिलेली "लेफ्ट हँड ड्राइव्ह" ही कायदेशीर सूचना वाचली आणि म्हणाला, "माताजी, अंकल को बोलिए कम से कम सामने तो देखें।" त्या गर्दीतल्या कोणीतरी हे सगळे मोबाइलवर चित्रित केले, ते आपल्या मंडळाच्या ग्रुपवर आले, तिथून ते नागपूरला गेले, आणि त्यातूनच आशयला आपल्याकडे एक लाल गाडी असल्याचे कळले. तेव्हा तुझ्या निरोपाचे मूळ एका दुधी भोपळ्यात आहे हे लक्षात ठेव.

दुसरा दोष, मागची जागा. तिला जागा म्हणणे धाडसाचे आहे. तिच्यात एक पिशवी बसते, तीही पाय दुमडून.

तिसरा, गाडी गियर बदलताना सुस्कारा टाकते. चौथा, पेट्रोल पिते. पाचवा, पावसात उजव्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी गळते, नेमके भावोजींच्या खांद्यावर. त्यांनी तिथे पंचा ठेवून घेण्याची सवय केली आहे. आशयच्या वधूच्या शालूवर ते चालणार नाही.

सहावा दोष गंभीर आहे. या गाडीचे पुढचे दिवे, तुला आठवत असेल, झाकणाखाली झोपलेले असतात आणि बटण दाबले की उठून बसतात. उजवा दिवा शिस्तीचा आहे. डावा नाही. तो उठतो, खाली बसतो, पुन्हा उठतो, आणि कधीकधी गाडी बंद केली तरी थांबत नाही. समोरून बघणाऱ्याला सरळ सरळ डोळा मारल्यासारखे दिसते. यावर उपाय नाही. तो भाग आता जगात कोणी बनवत नाही. नफीस मियाँनी हात टेकले आहेत.

या दोषामुळे काय प्रसंग ओढवला तोही ऐक. माझ्या कॉलेजातली रसायनशास्त्राची इंदुमती तुला आठवत असेल. राखीच्या वेळी तुला वांग्याचे भरीत वाढून "आणखी घ्या" म्हणून छळणारी. तिचे यजमान यशवंतराव फेब्रुवारीत गेले. ती चार इमलीला मुलाच्या सरकारी बंगल्यात असते. आम्हाला समाचाराला जायचे होते आणि आमच्या नेहमीच्या गाडीची बॅटरी नेमकी बसली होती. लाल गाडीने समाचाराला जाऊ नये एवढे मला कळते. पण दिवस मावळत आला होता आणि रिक्षा मिळेना. मी ती फाटकाच्या आत, शक्य तेवढी कडेला लावली. व्हरांड्यात पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, मोठेमोठे अधिकारी खाली मान घालून बसलेले. आम्ही जाऊन बसलो. आणि मागून घर्र असा आवाज आला.

मी वळून पाहिले नाही. समोरच्यांच्या चेहऱ्यावरून मला कळत होते. घर्र, उघडला. घर्र, मिटला. एक निवृत्त सचिव आपल्याकडेच कोणी बघते आहे असे वाटून बंडीची बटणे चाचपू लागले. पहारेकऱ्याने जाऊन दोन्ही हातांनी झाकण दाबून धरले. हात काढले की ते पुन्हा वर. शेवटी त्याने खांद्यावरचा गमछा त्यावर टाकला. मग गमछा वरखाली होऊ लागला, म्हणजे आत कोणी जिवंत आहे असे दिसू लागले. शेजारच्याने हळूच विचारले, "किसकी गाड़ी है?" तुझे भावोजी म्हणाले, "पता नहीं, बड़े अजीब लोग हैं।" लग्नाला चव्वेचाळीस वर्षे झाली, उदय.

इंदुमती यशवंतराव गेल्यापासून बोललेली नव्हती. रडलीही नव्हती, डॉक्टर त्याचीच काळजी करत होते. ती आता तोंडावर पदर घेऊन गदागदा हलू लागली. बायकांनी तिला धरले, कोणी पाणी आणले, "रो लो, रो लो" म्हणाले. मी जवळ होते म्हणून मला दिसले. ती हसत होती. पदराआड तोंड दाबून, श्वास कोंडेपर्यंत हसत होती. मग त्या हसण्याचेच रडे झाले आणि ते बराच वेळ चालले. मी तिचा हात धरून बसले. दिवा आपोआप थांबला.

महिन्याभराने तिचा फोन आला. तिने प्रकृती वगैरे विचारली नाही. "ती चावट गाडी घेऊन येतेस का?" एवढेच. तेव्हापासून गुरुवारी दुपारी मी तिला मोठ्या तलावाच्या कडेने फिरवून आणते. तिची अट अशी की मी बोलायचे नाही आणि सांत्वन तर करायचेच नाही. ती उजवीकडे बसते. तिला आयुष्यात गाडी चालवायला मिळाली नाही. आधी वडील होते, मग यशवंतराव, मग सरकारी ड्रायव्हर. आता ती पदर खोचून, पाठ ताठ करून समोर बघत बसते, आणि बाजूने जाणाऱ्यांना वाटते की ही म्हातारीच गाडी हाकते आहे. स्कूटरवरच्या मुली तिला हात करतात. ती मान किंचित लववते, राणीसारखी. मागच्या गुरुवारी एका बसवाल्याने हॉर्न वाजवला तर तिने खिडकीतून हात बाहेर काढून त्याला "निकलो, निकलो" अशी परवानगी दिली. परत आल्यावर ती दमलेली असते. म्हणते, आज ट्रॅफिक फार होता.

तर असे हे दोष आहेत. यांपलीकडे गाडीत सांगण्यासारखे काही नाही. आशयला एखादी भाड्याची मोठी, पांढरी, गपगुमान चालणारी गाडी जास्त शोभेल असे माझे मत आहे, पण मत मागितलेले नाही म्हणून देत नाही. मंजूषाला गुडघ्यावर शेकायला सांग. आशयला आणि होणाऱ्या सूनबाईला आशीर्वाद. तू स्वतः दात दाखवून घे, घरचीच डॉक्टर मिळते आहे.

तुझी,
नलूताई

ता. क. : ट्रक आणू नकोस. दसऱ्यानंतर एकटाच रेल्वेने ये आणि आधारकार्ड बरोबर आण. गाडी माझ्या नावावर करायची आहे, त्यासाठी तुझ्या दोन-तीन सह्या लागतील. बदल्यात काय हवे ते मंजूषाला विचारून कळव. तुला विचारले तर अंगठा येईल.

ता. क. दुसरा : आशयने नाराज होऊ नये. लग्नाच्या आदल्या दिवशी मी स्वतः गाडी चालवत नागपूरला आणीन. एकच अडचण आहे. चालवणार मी, उजवीकडे बसणार सूनबाई, आणि मागे एक पिशवी मावते हे वर लिहिलेच आहे. आशयने घोडा करावा. वरात आटोपली की मी दुसऱ्या दिवशी सकाळीच परत निघेन, कारण मुहूर्त बुधवारचा आहे.

ता. क. तिसरा : डाव्या दिव्याचा भाग मे महिन्यातच शारजाहून आला. नफीस मियाँ दर शुक्रवारी तो बसवून देतो म्हणून मागे लागतात. मी तो कपाटात, रेशमी साड्यांच्या खाली, डांबराच्या गोळ्या घालून ठेवला आहे. तू आलास आणि इंदुमती भेटली, तर तिच्यापुढे हा विषय काढू नकोस.